घरातलं फुकटचं मॉडेल

लग्नाच्या अल्बमवरून काढलेली चित्रं बहुधा फसतात, कारण त्यात दोघंही फोटोग्राफरने सांगितलं तशी उभी असतात. मोबाइल चाळत सोफ्यावर कलंडलेला नवरा मात्र अनमोल. मानधन मागत नाही, दहा-दहा मिनिटं मान वर करत नाही, आणि उद्या संध्याकाळी त्याच कोपऱ्यात, त्याच उशीला टेकून पुन्हा तस्साच सापडतो. एरवी ज्या सवयीवरून खटके उडतात, तीच इथे कामाला येते.

त्याला ‘जरा तसाच बस’ म्हणू नये. म्हटलं की पाठ ताठ होते, पोट आत जातं आणि चेहऱ्यावर पासपोर्टच्या फोटोतला भाव येतो. तळहाताएवढी वही आणि बोथट ४बी, म्हणजे मऊ आणि गडद उमटणारी, पेन्सिल घ्यावी. टोकदार पेन्सिल असली की हात नकळत पापण्या काढायला धावतो. आधी शरीराचं वजन कुठे टेकलंय ते पाहावं: कोपरावर, पाठीवर की एकाच कुल्ल्यावर. मग खांद्यांची रेघ आणि कमरेची रेघ. कलंडलेल्या माणसात या दोन्ही सहसा समांतर नसतात; समांतर काढल्या की निवांत पडलेला माणूस अवघडलेला दिसू लागतो. डोकं, धड, पाय यांचे ढोबळ आकार २ मिनिटांत संपवावेत. चेहरा शेवटी, राहिला तरी बिघडत नाही. तिथून सुरुवात केली तर डोकं हटकून मोठं होतं आणि पावलं कागदाबाहेर जातात. हातांचं उलटं, ते नेहमी लहान पडतात. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण हनुवटीपासून कपाळावरच्या केसांपर्यंत असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पाय आपल्याकडे करून आडवा असेल, तर पावलं डोक्याहून मोठी दिसू शकतात. मन हे मानत नाही, म्हणून हात लांब करून पेन्सिलीने मोजावं.

हलला तर खोडायचं नाही. शेजारी दुसरं रेखाटन सुरू करावं. थोड्या वेळाने स्वारी पहिल्या बैठकीत परत येतेच.

वरचा मोठा दिवा बंद करून बाजूचा एकच ठेवावा. दोन दिव्यांत सावल्या दुहेरी पडतात, एकमेकींना फिक्या करतात आणि गालाचा, नाकाचा उठाव जातो. (‘अंधारात काय करत बसलीयेस?’ हा प्रश्न येणारच.) त्या प्रकाशातले रंग तिथल्या तिथे शब्दांत लिहावेत: ‘भिंत नारिंगी, उशीची सावली जांभळट’. सकाळी ‘भिंत पांढरी होती’ एवढंच आठवतं, आणि ते खरं नसतं. फ्रेंच चित्रकार प्येर बोनार याच पद्धतीने काम करायचा. छोट्या डायरीत पेन्सिलीने भराभर टिपणं, आणि रंगकाम नंतर स्मरणातून. मार्त त्याला १८९३ मध्ये भेटली, दोघांचं लग्न १९२५ मध्ये झालं. तरी उतारवयातल्या त्याच्या चित्रांतही बाथटबमधली मार्त तरुणच राहिली. समोर बसवून रंगवलं असतं तर ही सूट मिळाली नसती.

चेहरा साधतच नसेल तर सरळ पाठमोरं काढावं. डॅनिश चित्रकार विल्हेल्म हॅमरशॉयने कोपनहेगनमधल्या राहत्या घरात पत्नी इडाला कितीदा तरी पाठमोरीच रंगवलं आहे. झुकलेली मान आणि खांद्यांचा उतार यांवरून आपलं माणूस ओळखू येतं, अगदी स्वयंपाकघराच्या दारातूनसुद्धा.

भांडणाच्या दिवशी मॉडेल मिळत नाही. तेव्हा टेबलावरचे दोन कप काढावेत, एक भरलेला, एक रिकामा, आणि त्यांच्यातली मोकळी जागा आधी आखावी. कपाच्या तोंडाच्या लंबगोलाला दोन्ही कडांशी टोकं आणू नयेत, तिथेही रेघ वळलेलीच असते. बूड डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असतं, म्हणून त्याचा वळसा तोंडाच्या वळशापेक्षा जास्त गोल येतो. हे चुकलं की कप टेबलावर बसत नाही.

आणि भिंतीवर लावण्याआधी विचारावं. तोंड उघडं टाकून झोपलेलं रेखाटन कितीही उत्तम साधलेलं असो, परवानगी बहुतेक वेळा पाठमोऱ्यालाच मिळते.