टोकं खाली केलेली चंद्रकोर

सोनाराच्या घरात वाढलेल्या माझ्यासारखीची नजर दागिन्यात आधी कडीवर जाते, मग नक्षीवर. रोमन बायकांच्या गळ्यातल्या चंद्रकोरीकडेही मी तशीच पाहते. तिला ते ‘लुनुला’ म्हणत.

रोमन अमलातल्या इजिप्तमधल्या फायूमची ममीचित्रं बघा, म्हणजे ममीच्या तोंडावर बसवलेली मृताची चित्रं. लाकडी फळीवर मेणातल्या रंगांनी काढलेले, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातले चेहरे. त्यातल्या काहींच्या गळ्यात ही कोर आहे आणि तिची टोकं चक्क खाली! आपली कपाळावरची चंद्रकोर टोकं वर करून बसते, म्हणून डोळ्याला खटकतं. पण कडी कोरीच्या पाठीवर मधोमध डागली की टोकं खालीच येणार. पुष्कळ कोरींच्या टोकांना बारीक गोळे असतात. त्यांना गूढ अर्थ असेल-नसेल, मला त्यात कारागिराचं शहाणपण दिसतं. टोक कापडात अडकायला नको, लेकराला टोचायला नको.

कारण ही मुळात पोरींनाच घालत. मुलग्याच्या गळ्यात ‘बुल्ला’ नावाची पोकळ डबी, मुलीच्या गळ्यात कोर. दोन्ही दृष्टीवर उतारा. मुलगा वयात आला की बुल्ला उतरवून घरच्या देवांना वाहायचा. कोर मात्र मोठ्या बायकांच्याही गळ्यात दिसते. (बायबलमध्ये तर उंटांच्याही! मिद्यानी राजांना मारल्यावर इस्राएलचा पुढारी गिदोन त्यांच्या उंटांच्या गळ्यातल्या चंद्रकोरी काढून घेतो.)

पण मला सगळ्यात आवडते ती रोमन नाटककार प्लॉटसच्या ‘एपिडिकस’ नाटकातली कोर. प्लॉटस वारला इसवी सनापूर्वी 184 च्या सुमारास, म्हणजे ही फायूमच्याही आधीची. एक तरुण युद्धात पकडलेली मुलगी विकत घेतो, तीही सावकाराकडून व्याजाने पैसे काढून. मुलगी देखणी, हा तिच्यावर भाळलेला. घरी आल्यावर एपिडिकस नावाचा गुलाम तिला ओळखतो आणि विचारतो, तुझ्या वाढदिवसाला मी सोन्याची कोर आणि बोटातली लहानशी अंगठी आणून दिली होती, आठवतं? तिला आठवतं. दागिना पाठवणारा बाप या तरुणाचाही बाप. हौसेने विकत आणलेली मुलगी त्याची सावत्र बहीण निघते, आणि व्याज भरायचं राहतंच.