विकायला काढलेली फियाट आणि कणकुंबी-हलशीचे दीडशे किलोमीटर

गाडी विकायची होती म्हणून ही सफर घडली, हे आधीच सांगून टाकतो. कोल्हापूरचे एक गृहस्थ माझी प्रीमियर पद्मिनी बघून गेले. रंग आवडला, सीटा आवडल्या, पण माणूस पक्का. म्हणाले, "एका दिवसात दीडशे किलोमीटर चालवून बघा, काय होतंय ते सांगा, मग आकड्याचं बोलू." मी लगेच हो म्हटलं. ते गेल्यावर लक्षात आलं, गेल्या सहा वर्षांत ही गाडी एका दमात दहा किलोमीटरच्या पुढं मी नेलेलीच नाही.

गाडी ८७ सालची. बाबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. कागदावर पद्मिनी असली तरी आमच्या बेळगावच्या शहापुरात तिला त्या नावानं हाक मारणारा माणूस मला भेटलेला नाही. फियाटच. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर, तेही स्टिअरिंगच्या दांड्याला, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. बाबांनी तिच्यातून सहा-सहा माणसं नेली, तांदळाची पोती नेली, एकदा शेजाऱ्यांची शेळीसुद्धा डॉक्टरकडं नेली. तिला जपून ठेवावं असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. ते खूळ माझं.

बाबा गेल्यावर मी ती पुरती नवी करून घ्यायला एका गॅरेजला दिली. चौदा महिने आणि ३ लाख ८० हजार रुपये गेले. २०१९ ला परत आली तेव्हा अशी चकचकीत, की गल्लीतली माणसं चपला काढून आत बसतील की काय असं वाटलं. आणि तिथूनच माझा उत्साह उतरणीला लागला. बाजारात नको, कुणीतरी सायकल घासेल. पावसात नको, पत्रा गंजेल. लग्नाला नको, पोरं बॉनेटवर चढतील. मालक नव्हतोच मी, त्या रंगाचा वॉचमन होतो. कव्हर घातलं, कव्हराखाली उंदीर आले, उंदरांनी वायरिंग खाल्लं. २०२२ ला नोंदणीचं नूतनीकरण आलं, तेव्हा सहाशेची फी पाच हजार झालेली. पैसे भरले, पण देवाला विसरलेल्या माणसानं वर्गणी द्यावी तसे. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हा निदान सात जणांनी मला ती बातमी पाठवली. मी सगळ्यांना अंगठा टाकला आणि जेवायला बसलो. आतून काही हललंच नाही. विकायचं तेव्हाच ठरलं असावं.

तर दीडशे किलोमीटर. बेळगावहून जांबोटी, तिथून कणकुंबी, परत जांबोटीला येऊन खानापूर, मग नंदगड, हलशी आणि हायवेनं घरी. हा फेरा जवळजवळ तेवढाच भरतो. पुणे-बंगळूर हायवेवर सरळ जाऊन येता आलं असतं, पण तिथं ट्रकांच्या मध्ये पन्नासच्या वेगानं जुनी गाडी चालवणं म्हणजे नुसता जीव मुठीत.

आधी आठवडाभर तयारी. उभ्या गाडीचं पहिलं दुखणं पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. माझ्या गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फुगून चिकट झालेला, पाइपला भेगा. डायफ्राम आणि पाइप इथेनॉल सोसणारेच मागून घ्या, दुकानदार पुढं करेल ते घेऊ नका. टाकी रिकामी करून घेतली, कार्बोरेटर उघडून जेट साफ करून घेतले. पुढच्या चाकांच्या किंगपिनचे (चाक वळतं त्या पिनेचे) बुश मिळेनात, ते उद्यमबागेत एका लेथवाल्याकडून करून घेतले. बेळगावात जुनी गाडी ठेवणाऱ्याचं हे एक सुख आहे. पार्ट बाजारात मिळाला नाही तरी फाउंड्री आणि लेथ हाकेच्या अंतरावर. जुना बुश नमुन्याला न्या, आणि पिनही सोबत न्या. मी पिन विसरलो आणि दोन खेपा झाल्या. टायरची नक्षी बघून फसू नका, बाजूला कोरलेलं उत्पादनाचं साल बघा. माझे टायर दिसायला कोरे, पण सहा वर्षांचे होते. दोन बदलले.

निघायचं सहाला ठरलं होतं. सोबत येणारा भाचा उठला सातला, निघालो आठला. ऑक्टोबरची सकाळ, परतीचा पाऊस नुकताच थांबलेला. चोक ओढला, दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून उजवीकडं वळलो. किणयेपर्यंत माझं सगळं लक्ष आरशात, मागून कोण किती जवळ येतंय यावर. भाचा म्हणाला, "मामा, पुढं बघून चालवा की."

जांबोटीपर्यंत भाताची शेतं आणि मग झाडी दाट होत जाते. रस्ता बरा-वाईट मिसळून आहे, पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांचा हिशेब धरूनच निघा. जांबोटीत चहा आणि मिरची भजी खाल्ली. पुढं कणकुंबीपर्यंत माझ्या फोनला रेंज येत-जात होती, तेव्हा घरी काय सांगायचं ते इथूनच सांगून टाका.

जांबोटी सोडल्यावर सात-आठ किलोमीटरवर रस्त्याचं काम चाललेलं. एकेरी वाहतूक, पुढं ट्रक, मागं गोव्याला निघालेल्या गाड्या. अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभा राहिलो. ही चूक. वाट मोकळी झाली, चढाला लागलो आणि शंभर पावलांत गाडीनं दोन आचके दिले आणि बंद. पेट्रोल आहे, करंट आहे, पण सुरू होत नाही. इंजिन तापलं की त्याला चिकटून बसलेला पंपही तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ढकलत बसतो, कार्बोरेटर कोरडा. उपाय बाबांच्या वेळचाच आहे. बॉनेट उघडायचं, सुती फडकं भिजवून पंपावर आणि पाइपवर ठेवायचं आणि वीस मिनिटं गप्प बसायचं. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका. पुढच्यांसाठी एवढंच, की जुन्या गाडीनं थांबायचं असेल तर इंजिन बंद करून थांबा, बॉनेट सैल करून ठेवा, आणि पाच लिटर पाणी गाडीसाठी वेगळं घ्या. आम्ही पिण्याचं वापरलं.

त्या वीस मिनिटांत चार गाड्या थांबल्या. एकानं टोचन देऊ का विचारलं. एक म्हातारे गृहस्थ खाली उतरून नुसतेच गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "आमच्याकडं होती ओ. विकली आणि चुकलंच." मला त्यांचा थोडा रागच आला. विकायला निघालेल्या माणसाला असं काही ऐकवू नये.

कणकुंबीला पोचायला साडेअकरा झाले. इथं माउलीचं देऊळ आहे आणि मलप्रभेचा उगम. खानापुरातून वाहणारी, सौंदत्तीला धरणात अडणारी नदी इथं कुंडाएवढीच दिसते. जवळच कळसा-भांडुरा या कर्नाटक-गोव्याच्या पाणीवादातल्या कालव्याचं खोदकामही आहे. त्यावर बोलायला लागलो तर फियाट बाजूला राहील. इथून पुढं चोर्ला घाट उतरून गोव्यात जाता येतं. मी गेलो नाही. ड्रम ब्रेक सलग उतारावर तापले की पकड सोडतात. जायचंच असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्याच जोरावर गाडी रोखत उतरा, पायाचा ब्रेक राखून वापरा, आणि ब्रेक लायनिंग नवं असेल तरच.

परत जांबोटीला येऊन खानापूरचा रस्ता धरला. एका ठिकाणी रस्त्यावरून पाणी वाहत होतं, ते ओलांडल्यावर पहिलाच ब्रेक लागला नाही. ड्रममध्ये पाणी गेलं की असं होतं. पुढचे दोनशे मीटर हळू जात ब्रेक हलका दाबून धरला, सुकले. भाचा जरा पांढरा पडला होता.

खानापुरात जेवलो. मलप्रभेच्या काठचं हे गाव कौलांसाठी आणि मातीकामासाठी नावाजलेलं. उन्हं उतरेपर्यंत गाडी सावलीत लावून एक डुलकी काढली. नंदगडला कित्तूरसाठी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे. २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांनी त्यांना इथं फाशी दिलं. दर्शन घेऊन लगेच निघालो, कारण हलशी उजेडात बघायची होती.

नंदगड सोडल्यावर म्हशींचा कळप आडवा आला. मी गाडी बाजूला घेऊन, इंजिन बंद करून थांबलो. सगळ्या गेल्या. शेवटची मागं राहिली, तिला काय वाटलं कुणास ठाऊक, मागच्या दारावर शिंग टेकवून मुंडी घासत घासत गेली. कर्र असा आवाज मी अजून ऐकतो. उतरून बघितलं, हातभर लांब ओरखडा, मधे प्रायमर दिसतोय. म्हशीमागून आलेली बाई घाबरून म्हणाली, "लागलं काय ओ गाडीला?" माझ्या तोंडून निघालं, "असूदे." खरं सांगतो, मनातून असूदे नव्हतं. पाच मिनिटं मी स्टिअरिंग धरून नुसता बसलो. भाचा एक शब्द बोलला नाही.

मग गाडी काढली. पुढचा रस्ता मोकळा होता. कधी तिसरा टाकला, कधी चौथा, कळलं नाही. काटा साठवर होता. काच खाली, धूळ आत, कोपऱ्याची तिकोनी काच उघडून वारा थेट तोंडावर. त्या दारावरचं वाईटात वाईट होऊन गेलं होतं, आता आरशात कशाला बघायचं? भाचा म्हणाला, "मामा, आता गाडी चालवायल्यागत वाटतंय."

हलशी म्हणजे जुनी पलाशिका, कदंबांची दुसरी राजधानी. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, बाराव्या शतकातले. एका गाभाऱ्याकडं तोंड केलं की दुसरा देव पाठीशी. मी दोन्हीकडं तोंड करून उभा राहिलो, उगाच कुणाला राग नको. आतल्या फाट्यांवरचे बरेच फलक कन्नडमध्येच आहेत. भाच्याला वाचता येतं म्हणून निभावलं, पण खानापूर तालुक्यात मराठीत विचारलं तरी वाट मिळते.

निघताना गाडी मिसिंग मारायला लागली. आचके, सायलेन्सरमधून फटके. हे मात्र मला येत होतं, म्हणजे एकेकाळी येत होतं. डिक्कीत बाबांचा बिस्किटांचा डबा होता. गॅरेजवाल्यांनी तो भंगारात काढलेला, मी भांडून परत आणलेला आणि तसाच ठेवलेला. त्यात कॉन्टॅक्ट सेट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट), कंडेन्सर, रोटर, फॅन बेल्ट, फीलर गेज आणि झिरो पेपरचा तुकडा. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, पॉइंट काळे पडलेले. पॉइंट जळाले की बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. नुसते घासून भागत नाही, दोन्ही बदला. भाच्यानं मोबाइलचा उजेड धरला. पहिल्यांदा गॅप चुकला, दुसऱ्यांदा बसला. इंजिन एका लयीत फिरायला लागलं तेव्हा हातांना काळं, शर्टाला काळं, आणि मी देवळाच्या बाहेर येड्यासारखा हसत उभा. सहा वर्षांत त्या बॉनेटखाली मी फडक्याशिवाय काही घातलं नव्हतं. एवढा डबा ठेवाच, शिवाय अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि पेट्रोलचा हातभर पाइप.

खानापूरहून बेळगावला येताना गणेबैलला टोल आहे. फास्टॅग लावूनच निघा, नाहीतर जादा भरावे लागतात. मी जादा भरले. आरसी, विमा, पीयूसी चालू आहेत ना तेही बघून घ्या. पन्नास वर्षांची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायचा नियम २०२१ ला आलाय, पण तशी नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. माझ्या गाडीला अजून अवकाश आहे, आणि आता तसली पाटी मला नकोच.

घरी पोचलो रात्री आठला. मीटर खरं बोलत असेल तर १५२ किलोमीटर, पेट्रोल बारा लिटरच्या आसपास.

नऊला कोल्हापूरचा फोन आला. "काय मग, कशी चालली?"

मी सगळं खरं सांगितलं. चढाला वाफ धरून बंद पडली. पाण्यातून गेल्यावर ब्रेक लागला नाही. मिसिंग मारली. मागच्या दाराला हातभर ओरखडा आहे.

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नको मग. राहू दे."

"बरं," म्हटलं, आणि फोन ठेवून भाच्याला विचारलं, पुढच्या रविवारी गोकाकला येणार का.