तुम्ही विचारलंत म्हणून : कुत्र्याला परदेशी तंबूत न्यावं का?

मुलाकडे किंवा मुलीकडे युरोपला निघालेली सोलापुरातली मंडळी दवाखान्यात आली, की हल्ली एक प्रश्न हमखास येतो : ‘डॉक्टर, आम्ही तिकडं तंबू लावून राहणार आहोत. आपल्या ब्रूनोलाही नेऊ का?’

दोन-तीन महिने राहणार असाल, तर जरूर न्या. पंधरा-वीस दिवसांची सुट्टी असेल तर नेऊ नका. कुत्र्याचा जीव प्रवासाच्या धक्क्यातून सावरतो न सावरतो, तोच परतीचं विमान उभं असतं. त्या सुट्टीत त्याच्या वाट्याला आनंद फार थोडा येतो.

न्यायचं ठरलं, तर तयारी कागदांपासून नाही, चिपपासून सुरू होते. कातडीखाली १५ अंकी मायक्रोचिप आधी बसवायची आणि रेबीजची लस त्यानंतर टोचायची. क्रम उलटा झाला, तर ती लस युरोपीय संघ धरतच नाही, कारण ती याच कुत्र्याला दिली हे सिद्ध करता येत नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं आणि संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. प्रतिपिंडांचं, म्हणजे लसीमुळे रक्तात तयार होणाऱ्या संरक्षक द्रव्यांचं, प्रमाण मिलिलिटरला ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) किंवा त्याहून जास्त भरायला हवं. रक्त घेतल्याच्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचं. म्हणजे जूनमध्ये निघायचं असेल, तर संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते तेव्हाच चिप आणि लस उरकायला हवी. फेब्रुवारीच्या मध्यात रक्त, मेच्या मध्याला वाट मोकळी. एप्रिलमध्ये तिकिटं काढून माझ्याकडे येणाऱ्यांना मी हात हलवत परत पाठवतो, आणि मला वाईट वाटतं.

या तीन महिन्यांवर लोक चिडतात. ‘रिपोर्ट चांगला आला ना, मग आता कशाला थांबायचं?’ मला मात्र हा नियम मनापासून पटतो. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेपासून नसांतून मेंदूकडे सरकतो आणि त्याला वेळ लागतो. लागण झालेलं कुत्रं कित्येक आठवडे खातं, खेळतं, शेपटी हलवतं. रक्ताचा रिपोर्ट लस लागू पडली एवढंच सांगतो. लसीच्या आधीच विषाणू शरीरात शिरला होता का, हे कळायला थांबण्यावाचून इलाज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के एकट्या भारतात होतात. जर्मनीने कोल्ह्यांसाठी लस भरलेली आमिषं वर्षानुवर्षं जंगलात टाकली आणि २००८ मध्ये तो देश जमिनीवरच्या प्राण्यांतल्या रेबीजपासून मुक्त जाहीर झाला. पिसाळलेलं कुत्रं चावलेली गाय दावणीला तडफडताना मी पाहिली आहे. त्या देशाने आपल्या कुत्र्याला तीन महिने थांबवलं, तर ते योग्यच आहे.

शेवटचं आरोग्य प्रमाणपत्र तिथे पोहोचण्याच्या आधीच्या दहा दिवसांत सरकारी पशुवैद्याकडून घ्यावं लागतं. ते प्राण्यांच्या सरकारी क्वारंटाइन केंद्रात मिळतं, आणि सोलापुरात असं केंद्र नाही. मुंबईत आहे आणि हैदराबादेतही आहे. आपल्याला हैदराबाद जवळ पडतं, तेव्हा विमान कुठून पकडायचं ते या हिशेबाने ठरवा. परत येतानाही भारताचं ना-हरकत पत्र लागतं. त्याची चौकशी निघण्याआधीच करून ठेवा. तिथून नॉर्वे किंवा फिनलंडला जाणार असाल, तर प्रवेशाच्या २४ ते १२० तास आधी पट्टकृमीचं औषध द्यावं लागतं आणि तशी नोंद पशुवैद्याकडून करून घ्यावी लागते.

विमानासाठी झोपेचं औषध मागू नका, मी देत नाही. त्याने रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते, आणि सामानाच्या कप्प्यात त्याच्याकडे बघायला कुणी नसतं. त्यापेक्षा दोन महिने आधी क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, घरात आणा, दार उघडं ठेवा, त्यातच जेवू घाला. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला नेऊच नका. मे महिन्यात सोलापूर त्रेचाळीस अंशांवर जातं, तेव्हा पंख्याखालीसुद्धा त्याला धाप लागते.

आता तंबूचं. धनगरांच्या वाड्यावर कुत्री पिढ्यान् पिढ्या उघड्यावर राखण करत आली आहेत, त्यामुळे आपल्याला वाटतं कुत्र्याला उघड्यावरचं काय शिकवायचं. पण युरोपातलं रान वेगळं. आपल्याकडची तपकिरी गोचीड घराच्या भिंतीत, फटीत राहते आणि गोचीडताप देते. तिथली गोचीड ओल्या उंच गवताच्या टोकावर वाट पाहत बसते आणि लाइम आजार पसरवते. रोज संध्याकाळी कान, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या बोटांनी चाचपायच्या. उन्हाळ्यात तळ्याच्या पाण्यावर हिरवट-निळा साय धरल्यासारखा थर दिसला, तर कुत्र्याला त्यात उतरू देऊ नका, ते पाणी पिऊही देऊ नका. नीलहरित शेवाळाच्या विषाने काही तासांत कुत्रं दगावू शकतं. इटली, स्पेन, ग्रीसकडे वाळूमाशी चावून लेश्मॅनियाचा आजार देते, म्हणून तिला दूर ठेवणारा गळपट्टा निघण्याआधीच घालायचा. तिथल्या पाइनच्या झाडांवरून हिवाळ्याच्या शेवटी, वसंतात सुरवंटांच्या रांगा उतरतात. हुंगायला गेलेल्या कुत्र्याची जीभ त्यांच्या केसांनी सुजते, कधी तिचा तुकडाच झडून जातो.

पट्ट्याचा नियम काटेकोर पाळा. नॉर्वेत १ एप्रिल ते २० ऑगस्ट कुत्रं मोकळं सोडता येत नाही. जर्मनीच्या काही राज्यांत पक्ष्यांच्या विणीच्या काळात तसंच आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याजवळ राहणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला मोकळं कुत्रं काय करतं, हे आपल्याला ठाऊक आहे. नॉर्वेत घरांपासून दीडशे मीटर लांब, मोकळ्या रानात तंबू लावता येतो. जर्मनीत तसं बहुतेक ठिकाणी चालत नाही, तिथे कॅम्पसाइटच शोधावी लागते. कुत्रं चालतं का, हे आधीच विचारा.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : रंगीत तालीम इथेच करा. हुरड्याच्या दिवसांत मोहोळ, बार्शीकडे कुणाच्या तरी शेतावर तंबू लावा आणि एक रात्र कुत्र्यासह काढा. थंडीत कापड फडफडलं, लांब कोल्हेकुई ऐकू आली, शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकलं, की तुमचं कुत्रं काय करतं ते बघा. रात्रभर थरथरत बसलं, तंबू फाडून बाहेर गेलं, तर त्याचं उत्तर मिळालं. मग त्याला घरी ठेवा. अनोळखी ठिकाणी कोंडण्यापेक्षा, त्याला ओळखणाऱ्या शेजाऱ्याला किंवा काकूंना तुमच्याच घरी येऊन राहायला सांगा. आणि ते निवांत झोपलं, सकाळी दवातून उड्या मारत तुमच्याकडे आलं, तर पुढच्या सोमवारी त्याचं लसीचं जुनं कार्ड घेऊन दवाखान्यात या. चिप आधी बसवू, लस मग.