पाणी स्वच्छ होतं, तरी मासे का गेले? खाऱ्या पाण्याच्या टँकचा माझा अनुभव

क्लाउन मासा, म्हणजे तो नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा समुद्री मासा, गेला तो नव्या टँकमध्ये सोडल्यापासून पाचव्या दिवशी सकाळी. आदल्या रात्री तो पाण्याच्या अगदी वरच्या थराला, पंपाच्या तोंडाशी येऊन थांबला होता. कल्ले भराभर उघडत-मिटत होते, खाणं समोर टाकलं तरी तोंड फिरवत होता. मी टॉर्च लावून पाहिलं. अंगावर एक डाग नाही, पर फाटलेले नाहीत, पाणी तर आरशासारखं नितळ. सकाळी तो वाळूवर आडवा पडलेला दिसला. माझी लेक शाळेत जायच्या आधी रोज त्याला बघून जायची. त्या दिवशी मी टँकवर टॉवेल टाकून ठेवला.

हे लिहायचं कारण, नवा टँक लावणाऱ्या बऱ्याच घरांत पहिल्याच आठवड्यात हेच घडतं आणि सगळे रोग शोधत बसतात. मीही तेच केलं.

गोड्या पाण्याचे मासे मी बारा वर्षं पाळलेत. त्यामुळे खारा टँक म्हणजे त्याच कामात मीठ वाढवायचं, असं मी धरून चालले होते. पुण्यात घरी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच काच आणली. वाळू-दगड धरून आत साधारण १५० लिटर पाणी बसतं. नळाचं पाणी भरलं, क्लोरीन घालवायचे थेंब टाकले, खाऱ्या टँकसाठी मिळतं ते समुद्री मीठ साडेपाच किलो विरघळवलं. दोन दिवस पंप चालू ठेवला. दुकानदाराने सांगितलं, "दोन डॅमसेल सोडा, कडक मासा आहे, पाणी आपोआप तयार होतं." मी दोन डॅमसेल आणले आणि लेकीच्या हट्टासाठी एक क्लाउन.

क्लाउन गेल्यावर त्याच दुकानातून निळ्या औषधाची बाटली मिळाली. ती मी अर्धी ओतली. फिल्टरचा स्पंज काढून नळाखाली खळखळून धुतला, कारण घाण असेल तर ती जावी. त्याच दिवसापासून एक डॅमसेल दिसेनासा झाला. दगडामागे लपला असेल असं वाटलं. दीड दिवसाने तो दगडामागेच सापडला, मेलेला.

माझ्या मामेभावाच्या ओळखीचे दादरचे एक काका तीसेक वर्षं खारे टँक सांभाळतात. त्यांना फोन केला. मी लक्षणं सांगू लागले, तर त्यांनी मधेच विचारलं, "ताई, अमोनिया किती आहे?" माझ्याकडे टेस्ट किटच नव्हतं. ते आणून नळीत थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं. लिटरला १ मिलिग्रॅम.

मग काकांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं, विष्ठा, मेलेला मासा कुजला की त्यातूनही तोच निघतो. जुन्या टँकमध्ये दगडांवर, वाळूत, स्पंजात जिवाणू वस्तीला असतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतातच. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. दुधात विरजणच नसेल तर रात्रभर भांडं झाकून ठेवून दही कुठून लागणार? माझं पाणी स्वच्छ दिसत होतं, पण अमोनियाला रंग नसतो.

मी विचारलं, मग बारा वर्षं गोल्डफिशला काही कसं झालं नाही? याचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, आणि त्यातलं एकच रूप जास्त विषारी असतं. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप) ७ असेल तर शंभरात एक भागही त्या विषारी रूपात नसतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, तिथे आपल्याकडच्या तापमानाला हेच प्रमाण शंभरात सात-आठ भागांवर जातं. म्हणजे किटवर आकडा तोच, पण मार दहापट. त्यात २७ अंशांना गोड्या पाण्याच्या लिटरमध्ये ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, खाऱ्यात साडेसहाच. कल्ले अमोनियाने भाजलेले आणि श्वासाला हवा कमी. क्लाउन पंपाशी का येऊन थांबला होता, ते मला तेव्हा कळलं.

नायट्राइटच्या बाबतीत मात्र उलटं आहे. गोड्या पाण्यात ते माशाच्या रक्तावर परिणाम करून त्याला गुदमरवतं. खाऱ्या पाण्यातलं भरपूर क्लोराइड ते कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, म्हणून तिथे त्याची भीती कमी.

मिठाचा घोळ वेगळाच होता. पाण्याचा खारेपणा त्याच्या घनतेवरून दाखवणाऱ्या माझ्या प्लास्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरवर १.०२३ दिसत होतं (साधं पाणी म्हणजे १.०००). काकांच्या सांगण्यावरून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे तेच प्रकाशाच्या वळण्यावरून मोजणारं उपकरण, आणला, तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) पाण्याने जुळवून घेतला आणि बघते तर १.०२८! समुद्राचं असतं १.०२५-२६. आणि दुकानांत मीठ वाचावं, परजीवी कमी राहावेत म्हणून मासे बऱ्याचदा १.०१८-२० वर ठेवलेले असतात. खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जात असतं. तो पाणी पितच राहतो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. अशा माशाला पिशवी पंधरा मिनिटं तरंगवून एकदम जास्त खाऱ्या पाण्यात सोडलं, तर त्याच्या शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. मी तेच केलं होतं.

ते निळं औषध तांब्याचं होतं. ते पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीवर चालतं, पण वेगळ्या रिकाम्या टँकमध्ये आणि मोजून. वाळू आणि चुनखडीचे दगड ते शोषून घेतात, नंतर हळूहळू सोडत राहतात आणि गोगलगायी, कोळंब्या मरतात. माझ्या माशांना रोग नव्हताच. दगड-वाळू सगळं टाकून द्यावं लागलं. स्पंज नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने धुतल्यावर जे थोडे जिवाणू रुजले असतील तेही गेले. ही सवय गोल्डफिशच्या टँकमधली. तिथे खडीत जुनी वस्ती असल्यामुळे निभावून जात होतं.

उरलेल्या एका डॅमसेलचं काय करायचं, हा प्रश्न होता. काका म्हणाले, "त्याला माझ्याकडे घेऊन या. जिवंत माशावर पाणी तयार करायचं नसतं." मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर! दुकानांत डॅमसेल त्यासाठीच विकतात, कारण ते अमोनिया इतरांपेक्षा जास्त सोसतात. सोसतात म्हणजे त्रास होत नाही असं नाही. कल्ल्यांची इजा त्यांनाही होते. जिवाणू वाढायला लागणारा अमोनिया चाळीस-पन्नास रुपयांची मेलेली कोळंबी कुजूनही देते, त्यासाठी जीव कशाला पणाला लावायचा?

रविवारी डॅमसेलला जाड पिशवीत, वर भरपूर हवा ठेवून, थर्माकोलच्या खोक्यातून दादरला नेलं. काकांनी दीड तास थेंबथेंब पाणी सोडून त्याला आपल्या पाण्याची सवय केली. सोमवारी संध्याकाळी डेक्कन क्वीनने परतले तेव्हा माझ्या डब्यात त्यांच्या जुन्या फिल्टरमधली सिरॅमिकची दोन मुठी वळी होती, त्यांच्याच टँकच्या पाण्यात भिजलेली. तेच माझं विरजण. परदेशात यासाठी समुद्रातले 'जिवंत' दगड, म्हणजे जिवाणू वसलेले प्रवाळाचे जुने तुकडे, विकत घेतात. आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे, त्यामुळे प्रवाळाचे तुकडे म्हणून कोणी काही देऊ केलं तर घेऊ नका.

पुन्हा सुरुवात केली. यावेळी पाणी आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्याजवळ. मीठ वेगळ्या पिंपात पंप लावून पूर्ण दिवस फिरवलेलं. मासळीबाजारातून आणलेली एक कोळंबी पातळ कापडात बांधून टँकमध्ये सोडली. चौथ्या दिवसापासून वास येऊ लागला, सासूबाईंनी खिडक्या उघड्या ठेवल्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. सहाव्या दिवशी अमोनिया २. कोळंबी काढून टाकली. तेराव्या दिवशी नायट्राइट पहिल्यांदा दिसलं. मग कितीतरी दिवस वहीत एकच गोष्ट: अमोनिया उतरतोय, नायट्राइट गडद जांभळं. लेक रोज विचारायची, "आई, आज?" आणि मी नाही म्हणायची. रिकाम्या, दिवा लावलेल्या टँकसमोर महिनाभर बसणं सोपं नसतं. माझ्या मते बहुतेक मासे या अधीरतेमुळेच मरतात. तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर आला. तो नव्या टँकमध्ये येतोच, आपोआप कमी होतो, त्यावर कसलंही औषध टाकायचं नसतं.

सदतिसाव्या दिवशी दोन्ही आकडे शून्य आले. तरी काकांनी थांबवलं. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यातला प्रयोगशाळेच्या दर्जाचा, १ ग्रॅमच्या आसपास, पाण्यात विरघळवून टाकायला सांगितला. अमोनिया पुन्हा २ वर गेला. चोवीस तासांनी नळी पिवळी. नायट्राइटही शून्य. नायट्रेट ४० होतं, म्हणून ४० टक्के पाणी बदललं. टँक तयार झाला की नाही, याची यापेक्षा भरवशाची परीक्षा मला माहीत नाही.

दरम्यान दोन गोष्टी लक्षात आल्या होत्या. पंखा लावून पाणी गार ठेवलं की ते उडतं, पण मीठ मागेच राहतं. मी रोज खुणेपर्यंत भर घालते, ती साध्या आरओ पाण्याची. खारं पाणी ओतत राहिलं तर आठवड्याभरात क्षार वाढून कुठच्या कुठे जातात. दुसरं म्हणजे वीज. आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, तेव्हा खाऱ्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मासे आणायच्या आधीच घेतला.

मग एकच क्लाउन आणला, हॅचरीत (माशांची पैदास करतात तिथे) वाढलेला. दुकानातच पिशवीतल्या पाण्याचं मीठ मोजलं, १.०२० निघालं. त्याला वेगळ्या छोट्या टँकमध्ये त्याच १.०२० वर ठेवून, चार आठवडे अंगावर ठिपके येतात का पाहत, रोज थोडं थोडं मीठ वाढवत १.०२५ वर आणलं. त्या टँकच्या फिल्टरमध्येही तयार झालेल्या वळ्यांतली मूठभर टाकली होती, नाहीतर तिथे पुन्हा तोच अमोनिया झाला असता. मोठ्या टँकमध्ये सोडल्यावर पहिले पंधरा दिवस रोज अमोनिया मोजला, खाणं दिवसातून एकदाच, चिमूटभर. दुसरा क्लाउन त्यानंतर दोन महिन्यांनी, असाच वेगळा राखून. आता दोघे एकाच कोपऱ्यात, पंपाच्या प्रवाहाशेजारी झोपतात.

डॅमसेल काकांकडेच आहे. गेल्या महिन्यात लेकीने त्याला परत आणायचं का विचारलं, तेव्हा काकांनी फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवला. दगडाच्या एका कपारीसमोर तो पहारा देत होता, शेजारून जाणाऱ्या दुप्पट मोठ्या माशाला हुसकावत. आमच्या शांत जोडीबरोबर त्याला ठेवता येणार नाही, हे लेकीला बघताच पटलं.