कूलंट जातं कुठे?

तीन आठवड्यांत दोनदा गाडीत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरलं, तरी पातळी 'मिन'च्या खुणेखालीच. पार्किंगमध्ये मात्र थेंब नाही. घाटकोपरच्या ट्रॅफिकमध्ये इंजिनच्या तापमानाचा काटा चढला तेव्हा इंजिनची उष्णता बाहेर काढायला एसी बंद करून हीटर लावला. मे महिन्यात, विचार करा!

एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच "हेड गॅस्केट गेलंय" सांगितलं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील. पण त्याच्या खुणा दिसत नव्हत्या: ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती, सायलेन्सरमधून पांढरा धूरही नाही. मग कुर्ल्याच्या काकांकडे गेलो. थंड इंजिनच्या रेडिएटरला हातपंप लावून त्यांनी 15 पीएसआय प्रेशर दिलं. "आता चहा घ्या."

प्रेशरचा काटा हळूहळू उतरला, म्हणजे गळती होतीच. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या बारीक भोकातून कूलंटचा हिरवा थेंब ओघळला. गरम इंजिनवर तो तिथेच वाळायचा, मागे पांढरट डाग तेवढा. पंप आणि त्याचं गॅस्केट बदललं. रोज सकाळी कूलंटच्या टाकीत डोकावायची खोड मात्र लागलीय.