मोतीबिंदू काढला, दिसतंय छान, मग डोळा का खुपतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो: "ऑपरेशन छान झालं, डॉक्टर म्हणतात सगळं व्यवस्थित आहे, दिसतंयही स्वच्छ. मग डोळ्यात सारखं काहीतरी गेल्यासारखं का वाटतं?" डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होते तेव्हा पेशंट विचारायचे. आता निवृत्त झाल्यावर नातेवाईक, शेजारीपाजारी, भिशीतल्या मैत्रिणी विचारतात. माझ्याही दोन्ही डोळ्यांत लेन्स बसवल्या आहेत, त्यामुळे ते खुपणं मी स्वतः भोगलेलं आहे.

उत्तर आधीच सांगते. बहुतेकांच्या बाबतीत ऑपरेशन बिघडलेलं नसतं. आत बसवलेली लेन्स जागच्या जागी असते. खुपतो तो डोळ्याचा वरचा पृष्ठभाग, कारण तो कोरडा पडलेला असतो. साधारण तीन महिन्यांत हा त्रास पुष्कळ कमी होतो. पण तोवर सोसत बसायचं काहीच कारण नाही.

हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "कोरडा कसला? डोळ्यातून तर पाणी गळतंय." माण तालुक्याकडच्या एक आजी शिबिरात ऑपरेशन झाल्यावर तपासणीला आल्या होत्या. पदरानं डोळा टिपत म्हणाल्या, "बाई, कुसळ गेल्यावानी टोचतंय, बघा की जरा." डॉक्टरांनी डोळ्याला पिवळा रंग लावला आणि तपासणीच्या यंत्राचा निळा दिवा चालू केला. त्या उजेडात अश्रूंचा थर हिरवागार चमकतो. आजींना पापणी न लववता समोर बघायला सांगितलं. पाचेक सेकंद झाले असतील, त्या हिरव्या थरात काळे ठिपके उमटले आणि पसरत गेले. जिथे काळं, तिथे थर फाटलेला. चांगल्या डोळ्यात हा थर निदान 10 सेकंद तरी टिकायला हवा. कुसळ कुठेच नव्हतं.

अश्रूंत पाणी असतं तसे आणखी दोन पदार्थही असतात. तळाला डोळ्याला धरून राहणारा बुळबुळीत थर, मध्ये पाणी आणि वर तेलाचा अगदी पातळ थर, दुधावर साय धरते तसा. हे तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींमधून येतं. ते नीट पसरलं नाही तर खालचं पाणी भराभर उडून जातं, डोळा चरचरतो. मग काहीतरी आत गेलंय असं समजून ते धुऊन काढण्यासाठी डोळा एकदम भरून येतो. ते पाणी गालावर ओघळून जातं, डोळ्यावर टिकत नाही. म्हणून पाणी गळणारा डोळाही कोरडा असू शकतो. आणखी एक खूण सांगते: पापण्या दोन-तीनदा मिटल्या की स्पष्ट दिसतं आणि थोड्या वेळानं पुन्हा धूसर होतं, असं असेल तर बहुधा हाच प्रकार असतो.

आता ऑपरेशननंच हे का होतं? बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, ज्याला कॉर्निया म्हणतात, त्यात मज्जातंतूंचं फार दाट जाळं असतं. डोळा कोरडा पडतोय ही खबर हेच तंतू देतात. फेकोच्या, म्हणजे यंत्रानं मोतीबिंदूचा चुरा करून तो ओढून काढण्याच्या, ऑपरेशनमध्ये छेद 3 मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, पण तेवढ्यानंही त्या जागचे तंतू कापले जातात. खबर जाईनाशी होते, पापण्या कमी लवतात, अश्रू कमी येतात. तंतू पुन्हा वाढायला काही महिने जातात. शिवाय ऑपरेशनच्या आधी जंतू मारायला डोळ्यात आयोडीनचं औषध घालतात, ऑपरेशनभर मायक्रोस्कोपचा प्रखर दिवा डोळ्यावर असतो आणि नंतरचे चार-सहा आठवडे वेगवेगळे थेंब चालू असतात. यातल्या पुष्कळ बाटल्यांत औषध टिकावं म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड घातलेलं असतं. ते दिवसातून अनेकदा डोळ्यात गेलं की पृष्ठभागाला झोंबतं. म्हणून ठरलेला कोर्स अर्धवट सोडायचा असं मात्र अजिबात नाही. आतली सूज त्या थेंबांनीच उतरते.

ज्यांना मधुमेह आहे, संधिवात आहे, ज्यांची पाळी गेलेली आहे, जे सर्दी-ॲलर्जीच्या किंवा काही मानसिक आजारांच्या गोळ्या घेतात, त्यांचे डोळे पुष्कळदा आधीपासूनच कोरडे असतात. त्यांना त्रास जास्त होतो आणि लांबतोही.

उपाय म्हणाल तर पहिला मान कृत्रिम अश्रूंचा. कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट अशी नावं बाटलीवर दिसतील. रोगावर मारा करणारं हे औषध नाही. डोळ्याला ओलावा देणारं आहे, त्यामुळे सवय लागेल ही भीती मनातून काढून टाका. दिवसातून चारापेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध टिकवणारं रसायन, नसलेले मागा. ते बारीक प्लास्टिकच्या कुप्यांतही मिळतात. महाग पडतात खरे, पण ज्याचा डोळा झोंबतो त्याला फरक पडतो. रात्री झोपताना जेल घालतात, ते जास्त वेळ टिकतं, मात्र घातल्यावर थोडा वेळ अंधुक दिसतं.

थेंब घालण्याची पद्धत मी प्रत्येकाला स्वतः करून दाखवते, कारण निम्मं औषध इथेच वाया जातं. हात साबणानं धुवायचे. आडवं पडायचं किंवा मान मागे टाकायची. डोळ्यावर दाब न देता खालची पापणी गालाकडून हलकेच खाली ओढली की आत एक खळगी होते. नजर वर, छताकडे. बाटलीचं टोक पापणीला लागू न देता त्या खळगीत एकच थेंब सोडायचा. एका वेळी डोळ्यात एका थेंबाहून जास्त मावतच नाही, दुसरा गालावरच येतो. मग डोळा अलगद मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं हलकेच दाबून एक-दोन मिनिटं धरायचा, म्हणजे औषध नाकातून घशात उतरत नाही. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. ज्यांचे हात थरथरतात त्यांना घरातल्या कुणीतरी घालून द्यावं. सूनबाई, नातू, कुणीही. आणि बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा, साधारण महिन्यानंतर ती टाकून द्यायची.

थेंबांइतकंच घरातलं वारं महत्त्वाचं. आपल्याकडे उन्हाळ्यात पंख्याखाली सरळ तोंडावर वारं घेऊन झोपायची पद्धत आहे. पुष्कळांच्या पापण्या झोपेत पुरत्या मिटत नाहीत आणि सकाळी उठताना डोळा उघडवत नाही. कॉट सरकवा, पंख्याचा वेग कमी करा. एसटीत खिडकीशी बसलात, दुचाकीवर मागे बसलात तर काळा चष्मा लावा. चूल असेल तर पहिले काही आठवडे दुसऱ्या कुणाकडे द्या. माणच्या त्या आजींच्या घरी हे शक्य नव्हतं. मग लेकीनं चूल पडवीत नेली आणि आजींना धुरापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला बसवलं. पुढच्या खेपेला डोळ्याची लाली खूपच उतरली होती.

वाचताना आणि फोन बघताना आपण पापण्या फार कमी मिटतो. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटतात, स्क्रीनसमोर त्याच्या निम्म्यानंही नाही. ऑपरेशननंतर नीट दिसायला लागलं की लोक हौसेनं तासन्‌तास वाचतात, पोथीला बसतात, नातवंडांचे फोटो बघतात. मी तो आनंद ओळखते, निळा रंग पुन्हा निळा दिसल्यावर मला रडू आलं होतं. जरूर वाचा. फक्त एक ओवी झाली, एक पान झालं की डोळे पूर्ण मिटून उघडा, पापणीला पापणी टेकली पाहिजे. पापण्यांच्या कडेला खपल्या धरत असतील तर कोमट पाण्याच्या स्वच्छ कपड्यानं शेक देतात, त्यानं तेल मोकळं होतं. पण ऑपरेशननंतर शेक कधी सुरू करायचा हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, जखम ताजी असताना डोळ्यावर काही ठेवायचं नसतं.

जवस आणि माशाच्या तेलाच्या गोळ्यांबद्दलही विचारता. 2018 साली अमेरिकेतल्या 'ड्रीम' नावाच्या मोठ्या अभ्यासात कोरड्या डोळ्यांच्या लोकांना वर्षभर माशाचं तेल दिलं, दुसऱ्या गटाला ऑलिव्ह तेल दिलं. दोन्ही गटांना साधारण सारखंच बरं वाटलं. म्हणून जवसाची चटणी भाकरीबरोबर आवडीनं खा, पण डोळ्यांसाठी म्हणून महागड्या गोळ्यांवर पैसे घालू नका.

आणि कळकळीनं सांगते, डोळ्यात गुलाबपाणी, मध, एरंडेल, तूप, दूध यातलं काही घालू नका. काजळ-सुरमाही नको. डोळ्यात छेद झालेला आहे, जंतूला तेवढी वाट पुरते. मेडिकलवाल्यानं "लाली जाईल" म्हणून दिलेले थेंबही नकोत. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही.

कोरडेपणाचं खुपणं कमी-जास्त होत राहतं, थेंब घातला की निवतं. तसं नसेल तर थांबू नका. ठणका लागला, नजर आदल्या दिवसापेक्षा कमी झाली, डोळा लालभडक झाला, पापण्या सुजल्या, पू आला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांकडे जा. आतला संसर्ग बहुतेक पहिल्या आठवड्यात होतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो. डोळ्यासमोर विजेसारखी चमक दिसली, काळे ठिपके एकदम वाढले, बाजूनं पडदा आल्यासारखं झालं, तरी तसंच.

ज्यांचा दुसरा डोळा अजून व्हायचाय, त्यांनी आधीच डॉक्टरांना सांगावं की पहिला फार खुपला होता. लेन्सचा नंबर ठरवताना कॉर्नियाचा बाक मोजतात आणि पृष्ठभाग कोरडा असेल तर ते माप चुकू शकतं. अशा वेळी डॉक्टर पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते बघतात आणि गरज पडली तर आधी काही आठवडे थेंब देऊन मग मोजणी करतात. तारीख थोडी पुढे गेली तरी जाऊ द्या.