लाल टोपणाची सिरिंज

घरचे बाहेरगावी असताना त्यांचे पाळीव प्राणी सांभाळायचं काम मी करते. सकाळी सातची घरभेट. अकरा वर्षांचा बोका, मधुमेह, बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा २ युनिट इन्सुलिन. घरचे चार दिवस बाहेरगावी. पहिल्या दिवसाचे दोन्ही डोस नीट झाले आणि सिरिंजचं जुनं पाकीट संपलं. दुसऱ्या दिवशी नवं पाकीट फोडलं, तर हातात आली लाल टोपणाची सिरिंज. काम सुरू होण्याआधीच्या ओळख-भेटीत मला दाखवली होती ती नारिंगी टोपणाची.

बाटलीवर १०० लिहिलेलं होतं, म्हणजे दर मिलिलिटरला १०० युनिट. नारिंगी टोपणाच्या सिरिंजवरच्या खुणा त्याच मापाच्या असतात. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या इन्सुलिनसाठी. तिच्यावरची २ ची खूण म्हणजे ०.०५ मिलिलिटर, आणि १०० च्या बाटलीतून तेवढं ओढलं की त्यात २ नव्हे, ५ युनिट येतात. अडीच पट. मांजराची साखर त्याने पार खाली जाऊ शकते. आधी मागचे पाय लटपटतात, जनावर भांबावल्यासारखं करतं, मग झटके येतात. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळून तडक दवाखाना गाठावा लागतो.

त्यातच वाटी. सकाळच्या मोजून ठेवलेल्या खाण्यातला जेमतेम पाव हिस्सा त्याने खाल्ला आणि खिडकीत जाऊन बसला. पोटात काही नसताना पूर्ण डोस द्यायचा नाही, हे इन्सुलिन देणाऱ्याला झोपेतही माहीत हवं.

घरच्या ताईंना फोन लावला. "ताई, सिरिंजचं नवं पाकीट कधी आणलंत?"

"निघायच्या आदल्या दिवशी. इन्सुलिनच्याच आहेत ना हो त्या?"

इन्सुलिनच्याच होत्या. मागताना ४० की १००, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही.

त्याच्या डॉक्टरांचा नंबर अर्जावर होता. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आत्ताचा डोस राहू द्या. एखादा चुकला तर निभावतं, जास्त गेला तर निभावत नाही. मधल्या वेळेत भरून काढायलाही जाऊ नका. तीन-चार तासांनी परत बघा. उलटी केली, मलूल पडला किंवा तोंडच लावलं नाही तर घेऊन या." अकराला परत गेले तेव्हा वाटी रिकामी होती आणि लिटर बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूत, लघवीने झालेले नेहमीसारखे दोन मोठे गोळे होते. संध्याकाळी सातला योग्य सिरिंजने ठरलेला डोस दिला. बोक्यापुरतं प्रकरण तिथे मिटलं.

बाकीच्या दिवसाचं मात्र मिटलं नव्हतं. अर्ध्या तासाची भेट सव्वा तासाची झाली. आठला ज्या कुत्र्याला फिरायला न्यायचं होतं तो पाच महिन्यांचा. पिल्लाला जागेपणी जितके महिने, साधारण तितके तास, फार तर एखादा जास्त, लघवी धरता येते. हे पिल्लू रात्री अकरापासून थांबलेलं होतं. पावणेनऊला दार उघडलं तेव्हा गालिचा ओला, आणि ते बिचारं कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. त्याला शी-शूच्या जागेची सवय लावायला घरच्यांना लागलेले दोन आठवडे मला त्या कोपऱ्यात दिसत होते. त्यापुढची फेरी आखूड नाकाच्या, म्हणून उकाडा न सोसणाऱ्या कुत्रीची, उन्हाच्या आत व्हायला हवी होती. ती साडेनऊवर गेली. रस्त्याला हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहिली, टेकवेना. फेरी रद्द करून तिला इमारतीच्या सावलीत दहा मिनिटं सोडली.

सेवांची यादी कशी ठरवायची, ते मला त्या सकाळी नीट कळलं. सुरुवात करणारे बहुतेक जण ‘मला काय काय जमतं’ असा विचार करून यादी बनवतात: घरभेटी, फेऱ्या, औषधं, रात्रीचा मुक्काम, आपल्या घरी ठेवून घेणं, आंघोळ, नखं. खरी अडचण येते ती घड्याळाची. प्राण्यांना आपण लागतो ते सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. दुपार बरीचशी मोकळी जाते. भेट ३० मिनिटं आणि जायला १५, म्हणजे एकीला पाऊण तास. तीन तासांत बसतात फक्त चार भेटी, आणि त्याही काहीच बिघडलं नाही तर. मी त्या सकाळी चारच घेतल्या होत्या, एक मिनिटही सैल न ठेवता. आता तीन घेते आणि चौथीची जागा रिकामी ठेवते. उत्पन्नाचा हिशेबही तीनवरच करावा. चौथीचे पैसे धरून ज्याचं गणित जुळतं, त्याचं जुळत नाही.

मग प्रत्येक सेवेला एकच प्रश्न लावला: हिच्यात काही बिघडलं तर किती वेळ जाईल, आणि तो वेळ कोणाच्या वाट्याचा असेल?

घरभेटी या कसोटीला सगळ्यात चांगल्या उतरतात, विशेषतः मांजरांच्या. मांजर स्वतःच्या घरात सुखी असतं. वाटी, पाणी, लिटर आणि थोडा खेळ अर्ध्या तासात होतं. फक्त ‘मांजर दिसलं नाही, पण वाटी रिकामी होती’ एवढ्यावर भेट संपवायची नाही. प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघायचं. बोका लिटरमध्ये पुन्हापुन्हा बसतोय आणि गोळा दिसत नाही, तर लघवी तुंबलेली असू शकते. तिथे उद्याची वाट पाहिली तर जीव जातो. याच कारणासाठी ‘दिवसाआड एक भेट’ ही मागणी मी घेत नाही, घरचे कितीही म्हणोत की आमचं मांजर शहाणं आहे. दोन भेटींत ४८ तास गेले तर अशी तक्रार फार उशिरा सापडते.

ससे आणि पक्षी ‘छोटे’ म्हणून सोपे समजले जातात, ते खरं नाही. सशाने दहा-बारा तास खाल्लं नाही आणि लेंड्या थांबल्या तर ती तातडीची वेळ असते. म्हणून सशाला दिवसातून दोन भेटी, आणि सशांवर उपचार करणारा डॉक्टर आधी ठाऊक असल्याशिवाय होकार नाही. पक्षी मी घेत नाही. आजार लपवण्यात ते पटाईत असतात आणि तो ओळखण्याइतकी माझी नजर तयार नाही. मासे घेते. त्यांना जास्त खाणं घालून मारलं जातं, म्हणून रोजचा वाटा घरच्यांनी गोळ्यांच्या सात खणांच्या डबीत भरून ठेवायचा आणि बाकीचा डबा उचलून ठेवायचा.

आपल्या घरी ठेवून घेणं मी यादीतून काढलं. मागणी तिलाच सर्वांत जास्त, तरीही. अनोळखी कुत्री एकत्र ठेवायची तर वेगळ्या खोल्या, वेगळी भांडी आणि वेगळ्या फेऱ्या लागतात. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लागण झालेला कुत्रा दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत ठणठणीत दिसू शकतो. पिल्लांना जुलाब-उलट्यांनी जिवावर बेतणारा पार्व्होचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो. साध्या फिनेलवर विसंबता येत नाही, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी हे प्रमाण घेऊन आधी स्वच्छ केलेली जागा दहा मिनिटं ओली ठेवावी लागते. एक आजारी पिल्लू येऊन गेलं तर पुढे किती दिवस दार बंद ठेवावं लागेल, याचा अंदाज मांडला आणि सेवा खोडली. नखं आणि आंघोळही गेली. नखाच्या आतली शीर कापली गेली की रक्त थांबवण्यात पुढची भेट जाते.

औषधं ठेवली, पण एकाच नावाखाली नाही. तोंडाने द्यायची गोळी आणि डोळ्यांतले थेंब ही एक पायरी, इन्सुलिन दुसरी. इन्सुलिनच्या वेळेत तासभर इकडेतिकडे चालतं, त्याहून जास्त मी धरत नाही. म्हणून एका सकाळी असे दोनच प्राणी, आणि त्यांची भेट ४५ मिनिटांची. आधी खाणं, पंधरा मिनिटं थांबून किती खाल्लं ते बघणं, मग डोस, मग पुन्हा नजर. किती खाल्लं तर किती द्यायचं आणि कधी अजिबात द्यायचं नाही, हे डॉक्टरांच्या सहीने कागदावर हवं. घरच्यांशी संपर्क झाला नाही तर कोणत्या रकमेपर्यंत उपचार करायचे, तेही त्याच कागदावर.

ओळख-भेटीत आता बाटली आणि सिरिंजचं न फोडलेलं पाकीट शेजारी शेजारी ठेवायला सांगते आणि दोन्हीवरचे आकडे एका फोटोत घेते. प्रवास चार दिवसांचा असेल तर आठ सिरिंज मोजून घेते, वर चार जास्तीच्या.

एक जागा अजून भरायची आहे. मलाच ताप आला तर फेऱ्या कोणीही प्राणीप्रेमी माणूस सांभाळेल. सुई कोण देणार? तिसऱ्या मधुमेही मांजरासाठी दोन घरांतून विचारणा आली आहे. इंजेक्शन देता येणारी आणि माझ्याबरोबर चार-पाच भेटी केलेली दुसरी व्यक्ती मिळेपर्यंत दोघांनाही नाही म्हटलंय, आणि का ते सांगितलंय.